चार मिनिटं हलू नको

"ए बॅटरीवाल्या! बंद कर ती!"

माझं प्रेम असं सुरू झालं. लाजून-बिजून नाही. ओरडून.

नोव्हेंबर होता. संध्याकाळचे साडेसात वाजलेले. पणदऱ्याच्या शिवारात, कालव्याच्या फाट्याच्या भरावावर मी कॅमेरा लावून बसले होते. शटर उघडून दोन मिनिटं झाली होती, दोन बाकी होती. वर चांदण्या, खाली ऊस, पलीकडे गुऱ्हाळाच्या जाळाचा तांबडा डाग... सगळं कसं निवांत फिल्मवर उतरत होतं. आणि समोरून, उसाच्या सरीतून, एक बॅटरी डुलत डुलत आली. बरोबर माझ्या फोटोच्या मधोमध.

"कोन हाय?" अंधार म्हणाला.

"आदी बॅटरी बंद!"

"का? रात तुमच्या बापाची हाय का?"

"बाप हितंच बसलाय," मागून लुनावरून अप्पा म्हणाले. "रात त्याची न्हाय. पन पोरगी त्याची हाय."

बॅटरी पटकन विझली.

मग पाण्यातून पचक-पचक पावलं आली. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, खांद्यावर खोरं, कानाला मफलर. अंधारात दातच काय ते दिसले. त्याने आधी मला नाही, माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडला बघितलं. आमच्या वर्गात अठरा पोरांत एकच स्टँड, आणि तो नेहमी पुढच्या बाकावरच्यांकडे. म्हणून अप्पांनी कंपनीतल्या भंगार पायपांचा मला वेल्डिंग करून दिला होता. वजन नऊ किलो. अप्पा बारामती एमआयडीसीत फिटर आहेत. त्यांना हलकी वस्तू बनवताच येत नाही.

"सर्व्हे चाललाय का?" तो घाबऱ्या आवाजात म्हणाला. "रस्ता काडताय का आमच्या रानातनं?"

"फोटो काडतीय."

"कशाचा?"

"रातीचा."

"रातीचा!" तो हसला. "रातीत काय दिसतंय?"

"तू मदी आला न्हाईस तर समदं दिसतंय. छत्तीसचा रोल हाय. त्यातला एक तू खाल्लास."

"मग मी आलो का फोटोत?" आणि त्या अंधारात त्याने मफलर नीट केला. अंधारात!

"न्हाय. हलणारं मानूस येत न्हाय. बॅटरीची रेघ येनार नुसती."

"म्हंजी मी हितनं तितं एवढा चालत आलो, आन् मी न्हायच?"

"न्हायच."

"आसं कसं? पाच फूट नऊ इंच हाय मी!"

लुनावर अप्पा खोकले. ते खोकणं हसू दाबण्याचं होतं, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. तो 'येतो अप्पा' म्हणून उसात घुसला तो थेट दिसेनासाच झाला.

आता तुम्ही म्हणाल, चांगल्या घरची पोरगी रात्रीची रानात काय करत होती. हाच प्रश्न आमच्या सरांनाही पडला होता. बारामतीच्या फोटोग्राफीच्या वर्गात मी एकटी मुलगी. दिवाळीनंतर मानसिंग सरांनी फळ्यावर लिहिलं — प्रोजेक्ट : रात्र. दहा फोटो. सव्वीस जानेवारीला प्रदर्शन. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ज्योत्स्ना, तू फुलांवर कर. मुलींना रात्रीचं जमायचं नाही."

"का सर? मुलींना रात्री शटर उघडत नाही का?"

वर्ग हसला. सर नाही हसले. मला तर मुळीच हसू आलं नव्हतं. आमच्या आया पहाटे चारला उसाला कोयता लावतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की बायकांना अंधाराचं जमत नाही. काम करायला रात्र चालते. बघायलाच चालत नाही?

घरी येऊन मी हे सांगितलं. माझी आई अक्काबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "फुलं लई झाली जगात." अप्पा एवढंच म्हणाले, "सात ते नऊ. मी संगं येनार. मला पहाटं पाचला पाळीवर जायचं असतं, त्यामुळं झोपलो तर उठवू नको."

अशी मी रात्र शिकले. सरांनी वर्गात जे सांगितलं ते पोरांना सांगितलं, मी चोरून ऐकल्यासारखं ऐकलं. रात्री कॅमेऱ्यातल्या मीटरची सुई मरून पडते, तिचा उपयोग नाही, घड्याळ मोजायचं. इंदापूरला हायवेवर ट्रकचे फोटो काढायला गेले, तर दिव्यांनी सगळा रोल पांढरा. दुसऱ्या वेळी शहाणी झाले. काळा पुठ्ठा नेला. डोळ्यांवर येणारी गाडी आली की भिंगापुढे पुठ्ठा, गाडी गेली की पुठ्ठा बाजूला. कळसच्या मामाने मला तिथे तासभर पुठ्ठा हलवताना बघितलं आणि आईला निरोप धाडला — पोरीला दाखवून आणा कुणाला तरी.

*

तो फोटो मी धुतला. उसाच्या काळ्या भिंतीपुढे बॅटरीची एक पांढरी रेघ... वर-खाली, वर-खाली, चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखी. शेवटी एक छोटी गाठ. तिथे मी ओरडले होते, तिथे तो दचकला होता. माणूस नव्हता. दचकणं मात्र होतं.

फेकून द्यायचा फोटो होता. मी दिला नाही फेकून.

आमच्याकडे शेताला लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. ज्या आठवड्यात रात्रीची, त्या आठवड्यात पंप रात्री चालणार, आणि दारं धरायला माणूस रात्रीच उभा राहणार. एक सरी पाण्याने भरली की खोऱ्याने तिचं तोंड बुजवायचं, पुढचीचं फोडायचं, असं पहाटेपर्यंत. म्हणजे आमच्या भेटीगाठी वीज मंडळाने ठरवून दिल्या होत्या. पंधरा दिवसांनी मी तिथेच गेले.

तो बॅटरी विझवूनच उभा होता.

"कवापासनं विझवलीस?"

"लुना वाजली तवाच." मग हळूच, "मी रविराज."

"मी विचारलं न्हवतं."

"म्हनूनच सांगितलं."

मी फोटो पुढे केला. त्याने बॅटरी लावून, फोटो नाकाला टेकेल इतका जवळ धरून बघितला. बराच वेळ.

"ह्यो मी?"

"ही तुझी बॅटरी. तू थांबला न्हाईस म्हनून तू न्हाईस."

"थांबलो असतो तर आलो असतो?"

"आला असतास."

"मग आदी सांगायचं की, थांब म्हनून! तुमी तर 'बंद कर' म्हनलात."

मी कॅमेऱ्याची पट्टी सोडवत बसले. ती आधीच सुटलेली होती.

त्यानंतर तो माझा दिवा झाला. बॅटरीने झाड रंगवता येतं, हे मी त्याला शिकवलं. शटर उघडं ठेवायचं, आणि अंधारातल्या बाभळीवर उजेडाचा हात फिरवायचा — बुंध्याला सावकाश, शेंड्याला पटपट. त्याला ते माझ्यापेक्षा बेस जमायला लागलं. विहिरीचं कडं त्याने आतून उजळलं, तर फोटोत विहीर पेटल्यासारखी दिसली. बैलगाडीच्या चाकाच्या एकेका आऱ्यावरून त्याने असा उजेड ओढला, की सर म्हणाले, "फ्लॅश कुठला वापरलास?" मी म्हटलं, "पणदऱ्याचा."

"ज्योत्स्ना म्हंजी काय?" एकदा त्याने विचारलं. तोवर 'तुमी'चं 'तू' झालं होतं. कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

"चांदनं."

"आन् तू अंधारात फोटो काडतीस?"

"मग काय उनात काडू?"

"काड की," तो म्हणाला. "उनात बी बरा दिसतो मी. लोक म्हनत्यात."

"उनात दिसशील तवा काडीन."

हे मी हसत म्हटलं, पण हसण्यासारखं नव्हतं ते. कारण दिवसा रविराज मला दिसतच नव्हता. म्हणजे असायचा. पणदऱ्याच्या स्टँडवर, कुंडलिकच्या सायकल दुकानापुढे, चार पोरांत. मी एसटीतून उतरले की तो खाली वाकून सायकलची चेन बघायचा. रोज. जगात एवढी बिघडलेली चेन कुठलीच नसेल.

मला कळत होतं का ते. आमचं घर विहाराच्या मागं. त्याचं घर बिरोबाच्या देवळापाशी. आजे मेंढरं राखायचे, मेंढरं गेली, ऊस आला. अंधारात दोघांनाही आळी नसते. रात्री उसात जात दिसत नाही, सकाळी स्टँडवर दिसते. मला त्याचा राग यायचा. आणि राग येऊनही मी पुन्हा लाईटचा आठवडा मोजायची, त्याचा तर जास्तच राग यायचा.

*

सत्त्याण्णवची संक्रांत झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. नऊ फोटो झाले होते. दहावा राहिला होता, आणि दहा दिवस उरले होते. आकाशात अर्धा चंद्र, थंडी अशी की कॅमेऱ्याला हात लावला की हात चिकटावा. अप्पा भरावाखाली लुनावर घोंगडी घेऊन पेंगत होते. खिशातला रेडिओ शेतीचे बाजारभाव सांगत होता.

"नऊ फोटोंत एक बी मानूस न्हाय," मी म्हटलं. "दहाव्यात मानूस पायजे. उभा ऱ्हाशील?"

"किती वेळ?"

"चार मिनटं. हलायचं न्हाय. बोलायचं न्हाय. श्वास सुदिक बारीक."

त्याने मागे वळून सरीकडे बघितलं. "सरी भरत आलीय... उरक पटकन. चार मिनटं निगतील."

"निघतील का नक्की?"

"उभा ऱ्हातो म्हनलं न्हवं!"

तो बांधावर उभा राहिला. खोरं हातात, मफलर गळ्यात. मी शटर उघडलं, त्याची कळ स्क्रूने आवळून ठेवली, अप्पांच्या घड्याळाचे हिरवे काटे बघितले आणि बॅटरी घेऊन सरळ फोटोत शिरले. मी हलत होते, म्हणून मी दिसणार नव्हते. फोटोच्या आत, त्याच्यापासून हातभर अंतरावर मी होते, आणि कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. जगात तेवढी एकच जागा अशी सापडली होती.

बॅटरीवर रुमाल धरून मी त्याच्या तोंडावर बाजूने उजेड फिरवला. कपाळ. गाल. हनुवटीवरचा व्रण, जो मला आधी दिसलाच नव्हता. डोळे माझ्यावर आले — आले आणि तिथेच राहिले. हलायचं नाही म्हटलं होतं ना मी.

मी बॅटरी विझवली.

मी परत कॅमेऱ्यामागे आले. मिनिट झालं होतं. तीन बाकी होती. एवढा मोठा गडी समोर पुतळ्यासारखा उभा आणि त्याला बोलता येत नाही... असली संधी पुन्हा कधी मिळणार?

"रविराज," मी म्हटलं. "आता तुला बोलता येनार न्हाय, ते बरं झालं. ऐक. रोज स्टँडवर मला बगून तू चेन बगतोस. मला कळत न्हाय आसं वाटतं का? मी काय आंधळी हाय? मी तर रातीचं बघायला शिकलीय."

त्याची मान एवढीशी ताठली.

"हलू नको. दोन मिनटं ऱ्हायली... आनि एवढं आसून सुदिक, तू मला आवडतोस. लई आवडतोस. तुजा तो घान मफलर सुदिक आवडतो. का, त्ये इचारू नको. इचारता येत न्हाय तुला. मी काय लगीन कर म्हनत न्हाय. पन मला अंधारातला मानूस नको. मला दिवसाचा पायजे. दिसत आसशील तर ये, न्हायतर येऊ नको."

एवढं बोलून मी घड्याळाचे काटे बघितले. पाण्याचा आवाज जरा बदलल्यासारखा वाटला, पण माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं.

"धा... पाच... झालं!"

शटर मिटलं. आणि रविराज — जो काही एक शब्द, एक अर्धा शब्द बोलेल म्हणून मी उभी होते — तो खोरं उचलून उसाच्या कडेने धूम पळाला.

पळाला! मी मनातलं सगळं काढून त्याच्यापुढे मांडलं, आणि गडी पळाला!

मी तशीच उभी. मग खालच्या अंगाला तात्याबाची आरोळी उठली. "आरंऽऽ! कोनाचं पानी हाय ह्ये? समदी चिपाडं भिजली माजी!"

तात्याबाचं गुऱ्हाळ रविराजच्या रानाला लागून, उताराला. उसाचा रस काढल्यावर उरलेली चिपाडं अंगणभर वाळत घातलेली असतात. तीच चुलवाणात जाळायची. ती भिजली की जाळ नाही, जाळ नाही की गूळ नाही. सरी भरून फुटली होती, आणि पाणी सरळ चिपाडांत.

अप्पा दचकून उठले. "काय झालं?"

"फोटो झाला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

*

सकाळी आई डेअरीला दूध घालून आली. रिकामी किटली ठेवत म्हणाली, "तात्याबानं डेअरीवर समद्यांम्होरं धरला रविराजला. पानी फुटलंच कसं, म्हनं. त्यो म्हनला, झोप लागली."

"झोप?"

"झोप. तुज्या बॅटरीवाल्याला."

मला 'तुज्या' ऐकू आलं. पण त्याहून जास्त 'झोप' ऐकू आलं. माझं बोलणं ऐकताना त्याला झोप लागली होती! गावापुढे मी नव्हतेच. कॅमेरा नव्हता, चार मिनिटं नव्हती. सगळं पुसून टाकलं, आणि वर झोप पांघरली.

आठवडा गेला. दहावा फोटो नको, मी ठरवलं. नऊच लावीन. सर म्हणतील, सांगितलं होतं. म्हणू देत.

पण रोल तर धुवायलाच हवा. बारामतीला वर्गाच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद पाण्यासारख्या औषधात सोडला. आधी काळा ऊस आला. मग चंद्राचा उजेड. मग कपाळ, गाल, तो व्रण, आणि डोळे... इतके स्पष्ट, की मी ट्रेवरून मागे सरले. चार मिनिटं माणूस केसभर हलला नव्हता.

आणि पाय नव्हते.

गुडघे होते, दुमडलेली पँट होती. खाली पायांच्या जागी पांढरं धुकं. मी चिमट्याने कागद वर उचलला, बल्बाजवळ धरला. धुकं नव्हतं ते. पाणी होतं. वाहतं पाणी फोटोत असंच येतं. थेंब दिसत नाहीत, दूध सांडल्यासारखं दिसतं. ही दुधाळ धार बांधावरून त्याच्या पावलांवरून उतरत होती, आणि इतकी दाट होती की निदान दीड-दोन मिनिटं वाहत असणार.

म्हणजे बांध फुटलेला त्याला कळला होता. जानेवारीचं बर्फासारखं पाणी त्याच्या पायांवरून जात होतं. दारं धरणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. चिपाडं भिजणार, तात्याबा सोलणार, सगळं ठाऊक. आणि मी इकडून बोलत होते. आणि तो हलला नाही.

लाल दिव्याखाली मी एकटीच मोठ्याने हसले. बाहेरून सर म्हणाले, "काय गं? बिघडलं का?"

"नाही सर. बिघडलं नाही!"

*

पाचच्या एसटीने उतरले. स्टँडवर कुंडलिकच्या दुकानापुढे नेहमीची मंडळी. बाकावर तात्याबा चहा घेत होता. रविराज होता. मला बघितलं आणि वाकला चेनीवर.

मी सरळ गेले आणि त्याच्या सायकलपुढे उभी राहिले.

"रविराज."

कुंडलिकच्या हातातला पंप थांबला.

"बाजूला ये," तो चेनीला म्हणाला.

"बाजूला न्हाय. हितंच." मी पाकिटातून फोटो काढला, पण उलटा धरला. "ह्यो दहावा फोटो हाय. रविवारी, सव्वीसला, बारामतीत भिंतीवर लागनार. तू न्हाय म्हनलास तर न्हाय लावनार, तोंड तुजं हाय. पन न्हाय म्हनायचं तर हितं म्हन. दिवसा म्हन."

तो उभा राहिला. हाताला वंगण, तोंड तांबडं. हळू आवाजात म्हणाला, "तुजं नाव मदी येऊ नये म्हनून झोप म्हनलो मी. लोक तुला बोलतील."

"लोक मला काय बोलायचं ऱ्हायल्यात? माजं नाव घेतल्यानं तोंड इटाळतं का कुनाचं?"

कुणीतरी मागून पुटपुटलं, "आरं, कुठल्या आळीतली हाय ठावं हाय का?"

रविराज वळला. मी त्याला कधी रागात बघितलं नव्हतं.

"ठावं हाय," तो मोठ्याने म्हणाला. "विहाराच्या मागं. तिसरं घर. दारात लिंब हाय. आजून काय सांगू?"

त्याने माझ्या हातातून फोटो घेतला. सुलटा केला. बघितला, आणि त्याचे डोळे तिथेच पायांपाशी थांबले. मग तो तात्याबापुढे गेला.

"तात्याबा, झोप लागली न्हवती. खोटं बोललो. फोटोला उभा होतो. हिच्या. पानी पायावरनं चाललंय त्ये कळत होतं मला."

तात्याबाने चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोटो लांब धरला, जवळ धरला.

"कळत होतं? मग हललास का न्हाईस, गाढवा?"

"हलू नको म्हनली होती."

"किती वेळ?"

"चार मिनटं."

"चार मिनटं!" तात्याबा ओरडला. "आरं माज्या लग्नाला फोटोवाला बारामतीस्नं आला हुता, त्यानं उभ्या वऱ्हाडाचा फोटो चुटकीत काडला! आन् ह्या एका माकडाला चार मिनटं?" सगळं स्टँड हसलं. ज्यांना हसायचं नव्हतं ते उठून गेले, आणि जाताना जे बोलायचं ते बोलले. ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊकच आहे, तुमच्याही गावात तेच बोलतात. तात्याबाने फोटो परत दिला आणि बोट रोखलं. "उद्यापासनं येऊन चिपाडं उलटी-पालटी कर. वाळंपतूर. कळलं?"

"व्हय."

मग रविराज माझ्याकडे आला. भर उजेडात. सगळ्यांदेखत.

"त्या दिशी बोलता येत न्हवतं," तो म्हणाला. "आता येतंय."

"मग बोल की."

पाच फूट नऊ इंचाचा माणूस, आणि शब्द एक नाही. कुंडलिकलाच शेवटी राहवलं नाही. "आरं बोल, न्हायतर मी बोलतो!"

"मला बी," रविराज घाईने म्हणाला. "लई... मफलरासकट."

*

रविवारी फोटो भिंतीवर लागला. मानसिंग सर त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. "एक्स्पोजर?" चार मिनिटं, सर. "मॉडेल चांगला मिळाला." मॉडेल नाही, सर, रविराज आहे. त्यांनी पुढच्या वर्षीच्या रात्रीच्या प्रोजेक्टला पोरांना शिकवायला ये म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, पण अट घातली — फुलांचा विषय कुणाला द्यायचा असेल तर पोरांना द्या.

त्याच्या पुढच्या गुरुवारी अप्पांना सुट्टी होती. दुपारी बारा वाजता, ऊन डोक्यावर असताना, रविराज आमच्या दारात उभा राहिला. धुतलेला शर्ट. हातात काही नाही, आणि त्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"जय भीम, अप्पा."

"जय भीम. बस. काय काम काडलंस?"

"काम न्हाय. च्या प्यायला आलोय."

अप्पांनी आत बघितलं. आईने चुलीवर आधण ठेवलं होतंच. खिडकीतून तो आळीत शिरताना तिला दिसला होता. तिला दिसला म्हणजे आळीला दिसला. कप आला. त्याने तो तळापर्यंत प्याला, आणि दुसरा मागितला. गावातली कितीतरी माणसं आमच्या दारी अप्पांकडून पंप नीट करून घ्यायला येतात, आणि चहा म्हटलं की त्यांचं पोट बिघडलेलं असतं. आईने दुसरा कप भरताना पदराने डोळे पुसले आणि धुराला शिव्या दिल्या. चूल धुपत नव्हती.

"घरी सांगून आलास का?" अप्पांनी विचारलं.

"चुलता बोलत न्हाय सा दिवस झालं," रविराज म्हणाला. "आई बोलती."

"काय बोलती?"

रविराजने मान खाली घातली. "ती... भायेरच हाय. वाटंच्या कडंला. म्हनली, आदी तू आत जा. त्यांनी पायतान काडलं न्हाय तर मला हाक मार."

अप्पा उडालेच. "आरं, बाईमानूस उनात उभं केलंस, आन् हितं दोन-दोन कप च्या ढोसतोस?"

"पायतानाचं मागनं बगू!" आतून आई ओरडली. "ज्योत्स्ना, पळ, आन तिला आदी!"

मी पळाले. चप्पल घातलीच नाही. आळीच्या तोंडाशी, हातपंपाजवळ एक बारकी, काळीसावळी बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात शेळीच्या दुधाची झाकण लावलेली किटली. रविराजची आई, सिंधुबाई. दारादारांतून बायका तिच्याकडे बघत होत्या, आणि ती त्या सगळ्या दारांकडे बघत होती.

"तूच का ती?" तिने मला खालीवर न्याहाळलं.

"व्हय."

"मारला का त्याला?"

"न्हाय. दुसरा कप चाललाय."

"मेला, माजी वाट बगितली न्हाय व्हय!" ती म्हणाली, आणि किटली माझ्या हातात दिली. जड होती. मी वाट दाखवायला वळणार, तर तिने माझा मोकळा हात धरला आणि ती स्वतःच पुढे निघाली. भर दुपारी, आळीच्या मधोमध, मला ओढत.

"कितवं घर म्हनला त्यो?"

"तिसरं. लिंबाचं."

"चल, मग. पाय उचल की गं, उन किती हाय!"